सौरभच्या वहीतली ओहोटी

शेफाली जिना चढून आली तेव्हा तिच्या पिशवीतून खाडीच्या चिखलाचा वास येत होता. शनिवार पेठेत, भर सकाळी. गोपाळकृष्णांनी खिडकी उघडली आणि उगाचच स्वतःचे बूट हुंगून पाहिले.

"बूट ठेवा खाली. वास पिशवीतला आहे," श्यामलाबाई म्हणाल्या. "बस गं. कोण मेलंय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"एवढ्या उन्हात अंगावर काटा घेऊन जिवंत माणसाची तक्रार करायला कुणी येत नाही."

श्यामलाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. खासगी तपासाची पाटी मात्र त्यांच्याच नावाची, आणि बँकेतून निवृत्त झालेले यजमान गोपाळकृष्ण त्यांचे मदतनीस. यावर कुणी भुवई उंचावली, तर ती खाली येईपर्यंत बाई टक लावून बघत बसत.

शेफालीने एक दमट वही पुढे ठेवली.

"मी पीएचडी करतेय. कोकणातल्या खाडीकाठची खारफुटी हवेतला कार्बन ओढून घेते, चिखलात गाडून ठेवते. किती, ते मी चार वर्षं मोजतेय. सौरभ माझ्याबरोबर यायचा. गेल्या जूनमध्ये तो त्याच खाडीत बुडाला. ही वही त्याची. सोमवारी लॅबच्या फ्रीजमध्ये माझ्या नमुन्यांवर सापडली. ओली."

शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं : 'पाच फेब्रुवारी. सकाळी साडेसहा. पूर्ण ओहोटी. शेफाली चिखलात उतरली नाही. काठावरची माती भरली.'

"अक्षर त्याचंच आहे. मी उतरले होते, पण वेळा तोच लिहायचा, माझ्याकडे काही नाही. उद्या हे पान समितीपुढे जाणार. चार वर्षं खोटी ठरतील." तिचा आवाज खाली गेला. "तो माझ्यावर इतका का चिडला असेल?"

बाईंनी पदर खोचला. "मेलेली माणसं चिडतात. पण पेन्सिल शोधत नाहीत. चला."

लॅबमध्येही तोच वास होता. गाईड रणजित सर खिन्नपणे म्हणाले, "वीस वर्षं मी त्या खाडीत उतरतोय. सौरभसारखा सरळ मुलगा पाहिला नाही. तो खोटं का लिहील?"

गाडी चालवणारा पोपट माणगावचा, हिंजवडीजवळचा. तो फ्रीजकडे पाठ करून उभा होता. "त्याची बॅग काठावर राहिली हुती. मीच आणून त्याच्या टेबलाच्या खणात ठिवली. वही त्यातच हाय म्हणून मला ठावं नव्हतं. मी आपला पाणी कधी उतरतंय त्याची वाट बघत काठावर बसणारा माणूस."

सौरभचं टेबल आता ऋतिकाकडे होतं. कॉम्प्युटरवर त्याच खाडीचं गणित मांडून ती पीएचडी करत होती.

"खण मी उघडतच नाही. भीती वाटते," ती म्हणाली.

गोपाळकृष्ण तिच्या पडद्याकडे बघत मनगट कानाशी नेत होते. "माझ्यात साडेअकरा, इथे सहा. गेलं वाटतं घड्याळ."

"काका, ते जगाचं घड्याळ. भरती-ओहोटीचे सगळे आकडे त्याच वेळेत येतात."

"आणि खाडीवर कितीदा गेलीस?" बाईंनी विचारलं.

"एकदाही नाही. चिखल सहन होत नाही मला."

"तुझ्या गणितात कार्बन किती निघतो?"

"शेफालीच्या मापापेक्षा दुप्पट," ऋतिका जरा ताठ होऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी समिती बसण्याआधी बाईंनी सगळ्यांना फ्रीजपाशी बोलावलं.

"अहो, गेल्या पाच फेब्रुवारीला काय होतं?"

"बुधवार," गोपाळकृष्ण म्हणाले.

"भीष्माष्टमी. बुधवार बँकेला. माझं माहेर खाडीकाठचं. तिथे तिथीची पाऊणपट करतात, भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट?"

"सहा."

"म्हणजे साडेसहाला खाडी तुडुंब. ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला. पाण्याकडे बघत उभा असलेला सौरभ 'पूर्ण ओहोटी' लिहील?"

रणजित सरांनी वही ओढून घेतली. "मी आरोप वाचला. वेळ वाचलीच नाही."

"कुणीच वाचली नाही. सगळे अक्षराला घाबरलात. आता बारा आणि साडेसहा, मधे किती?"

"साडेपाच तास," गोपाळकृष्ण म्हणाले आणि थबकले. "काल माझ्या घड्याळात आणि त्या पडद्यात तेवढाच फरक होता."

"आलात एकदाचे. सर खाडीत उतरतात, पोपट पाण्याची वाट बघतो. हे दोघे मनगटावरची वेळ लिहितील. पडद्यावरची ओहोटी जशीच्या तशी उतरवेल ती एकच, जिने खाडी पाहिली नाही. आणि बॅगेचा खण तिच्याच टेबलाला."

ऋतिका खाली बसली. "तिची मापं खरी ठरली तर माझा प्रबंधच उरत नाही. वहीत पुढची पानं कोरी होती. महिनाभर त्याचं अक्षर गिरवलं. नमुन्यांचा चिखल लावला."

"मग खरं काय ते लिही. समितीला दाखवायला."

ऋतिकाने पेन घेतलं. दोन शब्द लिहिले, खोडले. पुन्हा लिहिले. शेफालीने वाकून पाहिलं आणि वही शेजारी धरली. डावीकडे कललेली, शेपटी तुटलेली अक्षरं. सौरभची.

"मला माझं आठवत नाहीये," ऋतिका पुटपुटली. "खरंच आठवत नाहीये."

रणजित सर कागदाला हात लावेनात. पोपटने डोळे मिटले होते.

"आहे त्या हाताने लिही," बाई शांतपणे म्हणाल्या. "खाली अंगठा दे. तो दुसऱ्याचा उठत नाही."

गोपाळकृष्णांनी शाईचा पॅड पुढे केला. अंगठा उठला. शेफालीने कागद घेतला आणि समितीच्या खोलीच्या दाराशी थांबून एकदा वाचला. सौरभच्या अक्षरात लिहिलं होतं, 'शेफाली चिखलात उतरली होती.'