कागदावरचं माप

दूध घ्यायला मावशींनी फ्रीज उघडला आणि त्यांचा हात दारावरच थांबला.

आतल्या कप्प्यात इन्सुलिनची तीन पेनं उभी होती. दोन सीलबंद. तिसरं अर्धं वापरलेलं.

"सूनबाई, खटपट्यानं बरोबर औषध नेलंय ना?"

"हो, एक कायम त्याच्या खिशात असतं," बाहेरून उत्तर आलं.

"अर्धं वापरलेलं? निळ्या टोपणाचं?"

सून दारात आली. तिनं फ्रीजमध्ये पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "दोन तासांत येतो म्हणाला होता. उन्हाचं नको म्हणून ठेवून गेला असेल. मी पाहिलंच नाही, मावशी..."

खटपट्या हा मावशींच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आठ वर्षांचा असताना त्यानं मावशींचं शिलाई मशीन पूर्ण खोलून पुन्हा जोडलं होतं. मशीन चाललं, एक स्क्रू मात्र उरला. नाव तेव्हाच पडलं. आता चाळिशीचा होता, लिफ्ट तपासणी अधिकारी होता आणि दिवसातून चार वेळा टोचून घेतल्याशिवाय त्याचं भागत नसे.

मंगळवारी सकाळी दहाला तो जुन्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड आणायला गेला होता. आज बुधवार. दुपारचे चार. तो अजून परतला नव्हता, फोनही बंद होता.

मावशींनी मनातल्या मनात तास मोजले. तीस.

बाहेरच्या खोलीत इन्स्पेक्टर बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. सुनेचा भाऊ खिडकीपाशी उभा होता. त्याला घरात सगळे दादा म्हणत. लिफ्टचे सुटे भाग बनवायचा त्याचा छोटा कारखाना होता. काल संध्याकाळी बहिणीचा फोन येताच तो धावत आला होता, आणि तासाभरापूर्वी बस स्टँडवरून मावशींना त्यानंच गाडीतून आणलं होतं.

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"रविवारी, इथेच. त्यानंतर नाही."

"कसे वाटले?"

"कसे म्हणजे... खचलेला होता हो." दादानं आवाज उतरवला. "ती गेल्या महिन्यात लिफ्ट कोसळली ना, दोन माणसं गेली? त्याचा अहवाल उद्या द्यायचाय त्याला. झोप उडाली होती. माणूस कधीकधी सगळं सोडून निघून जातो."

"आणि जाताना कार्ड विकत घ्यायला थांबतो?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्हाला आजकालची टेन्शनं नाही कळायची."

"नसतील कळत. त्याचा कॉम्प्युटर कुठाय?"

तो आतल्या खोलीत होता. काळा, उंच, गुडघ्याच्या वर येणारा डबा. मावशींनी पर्समधून टेप काढली. चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं होतं त्यांनी. दुकान बंद होऊन आठ वर्षं झाली, तरी टेप पर्समधून हलली नव्हती. काळजी वाटली की त्या काहीतरी मोजत. सून म्हणाली, "याचंच कार्ड जुनं झालंय. नवे गेम अडकत चालतात. सहा महिने डोकं खात होता माझं."

बाजूचं झाकण नुसतं सरकवून निघालं. जुनं कार्ड आत आडवं बसलं होतं. दोन पंखे, लांब, वेगळ्या वायरीनं जोडलेलं. मावशींनी जागा मोजली. एकतीस सेंटिमीटर. खाली वीजपुरवठ्याच्या डब्यावर चिकटपट्टी होती: ५५० वॅट.

"काय करताय?" दादा दारातून हसला. "त्याला सदरा शिवताय का?"

"अंग तर बघून घेते," मावशी म्हणाल्या.

कॉम्प्युटरचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. मावशी चालत गेल्या. दुकानदार चष्मा कपाळावर ढकलून एका पंख्यातली धूळ ब्रशनं झाडत होता.

"काल सकाळी माझा भाचा आला होता. उंच, दाढीवाला, खिशाला स्क्रूड्रायव्हर."

"ते होय! अकराला आले होते. माझंच डोकं फिरवलं त्यांनी."

"कसं काय?"

"अहो, मी चांगलं दोन पंख्यांचं कार्ड दाखवलं. म्हणाले, बसणार नाही. हे बघा, बिलाला टाचलाय त्यांचा कागद."

अक्षर खटपट्याचं. लांबी सतराच्या आत. अर्ध्या उंचीचं. वेगळी वायर नको. वीजपुरवठा २४० वॅट.

मावशींनी कागद दोनदा वाचला. गिऱ्हाइकाचं माप एकदा घेतलं की त्या कधी विसरत नसत, आणि एकाच्या मापात दुसऱ्याचा कोट कधी कापला नव्हता.

"असं कार्ड कशात लागतं?"

"ऑफिसात असतात ना, ते चपटे कॉम्प्युटर? आडवे ठेवून वर स्क्रीन ठेवतात. त्यात मोठं कार्ड शिरतच नाही, आणि शिरलं तरी वीज पुरत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मशीनला हेच बरं. साधे गेम मजेत चालतात. ते म्हणालेच, जास्त दणकट घेऊन उपयोग नाही, प्रोसेसर म्हातारा आहे."

"घरी आहे तो तर हा एवढा उंच डबा."

"मग घरच्यासाठी नाहीच घेतलं त्यांनी," दुकानदार म्हणाला आणि ब्रश ठेवला. "मला वाटलंच. चेष्टेत म्हणाले, दुसऱ्याच्या लेकीचा हट्ट पुरवतोय, कोणाला सांगू नका."

मावशींनी तो कागद मागून घेतला.

"तसलंच एक कार्ड दाखवता?"

त्यानं खोका उघडला. लहानसं कार्ड, एकच पंखा. त्याच्या टोकाला पत्र्याची लांब पट्टी, आणि खोक्यात तशीच एक आखूड पट्टी वेगळी. "चपट्या डब्यासाठी लांब पट्टी काढून ही आखूड लावायची. दोन स्क्रूंचं काम."

मावशी त्या लांब पट्टीकडे बघत राहिल्या. वरच्या टोकाला काटकोनात दुमडलेली, अंगाला खाचा. मग त्यांनी पर्समध्ये हात घातला.

बस स्टँडवरून येताना दादाच्या गाडीत सीटच्या फटीतून काहीतरी टोचलं होतं. त्यात स्वेटरचा धागा अडकून चांगला वीतभर उसवला होता. दादा म्हणाला होता, "लिफ्टचं काहीतरी असेल, फेकून द्या." पण टोकदार वस्तू रस्त्यात फेकायची त्यांची सवय नव्हती.

त्यांनी ती पट्टी काउंटरवर खोक्याशेजारी ठेवली. लांबी तीच. दुमड तीच. खाचाही त्याच.

"मला इन्स्पेक्टर बाईंना फोन लावून द्या," मावशी म्हणाल्या. बाईंचा नंबर त्यांनी चिठ्ठीवर लिहून घेतलेला होता.

मावशी घरी परतल्या तेव्हा पाच वाजले होते. बाई खुर्चीत बसल्या होत्या. दारात एक शिपाई उभा होता. दादा गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत होता.

"मी निघतो आता. कारखान्यात कामं पडलीत."

"दोन मिनिटं," मावशी म्हणाल्या. "दादा, तुझ्या कारखान्यात कॉम्प्युटर आहे?"

"नाही. होता एक, भंगारात गेला."

"अरे, असं काय म्हणतोस?" सून म्हणाली. "रविवारी तर तुझी छकुली सांगत होती, शाळेतून आली की तिथेच गेम खेळते म्हणून."

किल्ल्या फिरायच्या थांबल्या.

मावशींनी टेबलावर कागद ठेवला, त्यावर पट्टी.

"खटपट्यानं घेतलेलं कार्ड या घरातल्या कॉम्प्युटरचं नव्हतं. इथे त्याच्या जवळजवळ दुप्पट लांबीची जागा आहे. हे माप चपट्या मशीनचं, आणि एका लेकीच्या हट्टाचं. खटपट्याला कोणी सांगितलं की माझा कॉम्प्युटर सुधारून दे, तर तो जेवण सोडून जाईल. वर सांगितलं की लेकीला आश्चर्याचा धक्का द्यायचाय, घरी बोलू नकोस, तर बायकोलाही सांगणार नाही. हे त्याला ओळखणाऱ्यालाच सुचतं."

"मावशी, काहीही काय बोलताय!"

"ही पट्टी तुझ्या गाडीत मला टोचली. कार्डाला ती दुकानातून निघेपर्यंत लागलेली होती. काल अकरानंतर, तुझ्या शेजारच्या सीटवर बसून, राहवलं नाही म्हणून त्यानं ती काढली आणि आखूड लावली. रविवारनंतर तू त्याला पाहिलं नाहीस ना?"

दादानं दारातल्या शिपायाकडे पाहिलं.

"लिफ्टचा अहवाल आम्ही त्यांच्या ऑफिसातून मागवला," बाई म्हणाल्या. "कच्चा मसुदा आहे. ब्रेकचे जुने भाग रंगवून नवे म्हणून बसवले होते. पुरवणाऱ्याच्या नावाची जागा त्यांनी कोरी ठेवलीय."

"कोरी ठेवली, कारण तो तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होता," मावशी म्हणाल्या. "मेहुण्याला एक संधी दिली त्यानं. तू तिचं हे केलंस."

बाईंचा फोन वाजला. त्या ऐकत राहिल्या. "माणसं कारखान्यात शिरलीत. चपटा कॉम्प्युटर सापडला. चालू आहे, स्क्रीनवर गेम थांबलेला आहे. पण माणूस कुठेच नाही."

म्हणजे कार्ड बसलं होतं. खटपट्यानं आधी काम पुरं केलं होतं.

मावशी दादाच्या हाताकडे बघत होत्या. जुडग्यात गाडीच्या किल्लीशेजारी एक विचित्र चावी होती. दांडा गोल, टोक तिकोनी.

"ही कशाची?"

दादानं मूठ मिटली.

"खटपट्याच्या खिशात असायची असली," सून हळूच म्हणाली. "लिफ्टचं दार बाहेरून उघडायची. दादा... तुझ्याकडे चाचणीची लिफ्ट आहे ना? मागच्या बाजूला?"

शिपायानं जुडगा त्याच्या हातातून काढून घेतला. बाई फोनवर ओरडल्या, "मागे लिफ्ट आहे! दार तोडा! आणि अँब्युलन्सला सांगा, इन्सुलिन!"

दादा मटकन खुर्चीत बसला. "फक्त उद्यापर्यंत लिफ्टमध्ये कोंडून ठेवणार होतो. अहवालाची तारीख टळली असती, दुसरा अधिकारी आला असता. मी त्याला हातसुद्धा लावला नाही."

"काल संध्याकाळी," सून म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना वाकून ऐकावं लागलं. "काल तू आलास, तेव्हा मी रडत होते. तू मला पाणी आणून दिलंस. गार पाणी, फ्रीजमधलं."

तिनं फ्रीजकडे बोट दाखवलं.

"पेनं तिथेच होती ना, दादा?"

मावशींना आठवलं, हिच्या लग्नात याचा कोट त्यांनीच शिवला होता. डावा खांदा अर्धा इंच उतरलेला. कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी आतून गादी घातली होती, आणि त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. आज तो खांदा पार खाली गेला होता.

सहा मिनिटं गेली. मग फोन वाजला.

"जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "शुद्ध नाही, पण श्वास चालू आहे. नेतायत."

सून उठली. फ्रीज उघडला, तिन्ही पेनं काढली, पदार्थ गार ठेवायच्या पिशवीत घातली. हॉस्पिटलमध्ये ती लागणार नव्हती, हे तिलाही माहीत असावं. मावशींनी उसवलेल्या स्वेटरचा धागा दातानं तोडला आणि तिच्याबरोबर निघाल्या.

दादासमोरून जाताना सून थांबली नाही.