हॅस्किटचे चाळीस एकर

एमेट टर्नरचं प्रेत सकाळी त्याच्या मागच्या दाराच्या पायऱ्यांखाली सापडलं. मान मोडलेली, पायात सपाता. शेजारीच राहणाऱ्या त्याच्या मुलीनं, लोरेटानं, आधी चर्चमधल्या बायकांना फोन केले आणि मग पोलिसांना. हॅस्किट गावात क्रम असाच असतो.

जिल्ह्याची डिटेक्टिव्ह ओडेसा गेन्स आली तेव्हा हवालदारानं निकाल देऊन टाकला होता. म्हातारा माणूस, पाय घसरला, संपलं. ओडेसाला ते पटेना. एमेट आज तिला चाळीस एकरांवर नेणार होता, आणि नेमका आजच घसरला?

गावाला रेल्वेनं जन्म दिला आणि कापसानं पोसलं. गिरणी बंद पडली तेव्हा ते शेवटच्या घटका मोजत होतं. मग अटलांटाहून सहापदरी रस्ता आला आणि पुन्हा फुगलं. ओकची झाडं तोडायची आणि वसाहतीला ओकचं नाव द्यायचं, हा इथला न्याय. आता दक्षिणेकडच्या चाळीस एकरांवर बाजार उभा राहणार होता. सोमवारी डांबर पडायचं होतं.

त्याच मातीत कुठेतरी काळ्या लोकांची जुनी दफनभूमी होती. गावाला ज्यांचं नाव, त्या हॅस्किट घराण्यानं थडग्यांचे दगड कधीच उपटून नेले होते. नेमकी जागा सांगणारा एमेट एकटाच उरला होता. तरुणपणी तो मोजणीदाराची साखळी धरायचा. बाजार थांबवायचा दावा ऐकताना जज्जसाहेब म्हणाले होते, जागा दाखवा, काम थांबवतो. पण नुसत्या आठवणींवर चाळीस एकर अडवता येणार नाहीत.

ओडेसाच्या आईची आजी तिथं पुरलेली होती. आई अंथरुणाला खिळलेली. मरण्याआधी एकदा त्या मातीजवळ नेऊन बसव, एवढंच तिचं मागणं होतं.

स्वयंपाकघरात ओडेसा थबकली. ओट्यावर फडक्यावर थंड चहाचे दोन उंच ग्लास धुऊन पालथे घातले होते. लोरेटा म्हणाली की बाबानं जन्मात कधी ग्लास विसळला नाही, आणि काल संध्याकाळपासून ती स्वतः इकडे फिरकलेलीच नव्हती.

म्हणजे पाहुणा आला होता. चहा प्यायला, आणि उष्टं भांडं मागे ठेवून न जाण्याइतका संस्कारी होता.

एमेटचं तोंड बंद राहिलं तर फायदा दोघांचा. बाजार बांधणारा रॉयस किंब्रेल, आणि जमीन विकणारी मिस व्हर्लीन हॅस्किट. गावाच्या सव्वाशेव्या वर्षाच्या समारंभाची बैठक काल दुपारी झाली, तिची अध्यक्षही तीच. एमेटनं त्या बैठकीतच सांगून टाकलं होतं की उद्या तो ओडेसाला थडगी दाखवणार.

दुपारपर्यंत घर माणसांनी आणि जेवणाच्या भांड्यांनी भरलं. रॉयस विकतची तळलेली कोंबडी घेऊन आला, कागदी बादलीतच. कॉफी ढोसली आणि कप पियानोवर तसाच टाकून गेला. त्याच्यामागून मिस व्हर्लीन आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, पाठ ताठ, हातात खारवून टांगून ठेवलेल्या डुकराच्या मांडीचं अख्खं हॅम.

"ख्रिस्त जन्मला नाहीतर कुणी मेलं, तरच हिचं हॅम खुंटीवरून उतरतं," शेजारची यूला ओडेसाच्या कानाशी कुजबुजली. "एरवी हवा खाऊन राहील, पण हॅमला हात लावायची नाही."

ओडेसानं एक तुकडा तोंडात टाकला. मीठ अगदी बेताचं. चावता चावता ती थांबली. मग मिस व्हर्लीनला तिनं मागच्या व्हरांड्यात बोलावून घेतलं.

"हॅम झकास झालंय, मिस व्हर्लीन."

"आमच्या आईची रीत. मयताच्या घरी विकतचं न्यायचं नसतं. त्या किंब्रेलला कोण शिकवणार?"

"बातमी कधी कळली तुम्हाला?"

"सकाळी, लोरेटाचा फोन आला तेव्हा. तशीच उठले आणि पातेलं चुलीवर ठेवलं."

"खारट नाही लागत मुळीच."

"कसं लागेल? मीठ उतरायला रात्रभर पाण्यात ठेवलं, दोनदा पाणी बदललं. हल्लीच्या पोरींना कुठला एवढा दम!"

ओडेसानं खुर्ची पुढे ओढली.

"रात्री कोण मेलं होतं, मिस व्हर्लीन?"

वारा घेणारा म्हातारीच्या हातातला रुमाल थांबला.

"रविवारसाठी काढलं होतं मी ते."

"ऑगस्टात? एकटीसाठी अख्खं? माझ्या आईनं वीस वर्षं तुमच्याच स्वयंपाकघरात तुमची हॅमं भिजवली. एका रविवारीसुद्धा खुंटीवरचं उतरलं नाही." ओडेसाचा आवाज चढला नाही. "मी सांगते काय झालं ते. काल संध्याकाळी तुम्ही एमेटची समजूत घालायला आलात. त्यानं चहा दिला, पण ऐकलं नाही. तुम्ही त्याला ढकललंत. मग आत येऊन ग्लास धुतलेत. रॉयसनं धुतले असते का? त्याला कप उचलायचं भान नाही. आणि घरी जाऊन हॅम पाण्यात टाकलंत. उद्या या घरी जेवण लागणार, हे अख्ख्या गावात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. जीव घेतलात, पण रिकाम्या हातानं यायची लाज वाटली."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. मिस व्हर्लीनचा चेहरा पांढरा पडला होता, पण मान खाली गेली नाही.

"मी बोलत असताना पाठ फिरवली त्यानं," ती म्हणाली. "हॅस्किटांच्या मुलीकडे पाठ! म्हणे, तुझ्या बापानं काय केलं ते आता गावाला कळू दे."

मग ती जवळ सरकली. तिनं आवाज लहान मुलाला समजवावं तसा मऊ केला.

"हे बघ पोरी. दगड उपटले तेव्हा मी बापाचं बोट धरून तिथं उभी होते. जागा मला ठाऊक आहे. तू म्हण की एमेट घसरला. आत्ता गाडी काढ, पाऊल ठेवून दाखवते. नाहीतर तुझी आई डांबरावर बसून रडेल."

कुणी ऐकलं नव्हतं. एक 'हो', आणि आई संध्याकाळी आजीजवळ बसली असती. आतून लोरेटाचा आवाज येत होता. ती एकेकाला हॅमच्या चकत्या वाढत होती आणि मिस व्हर्लीनचे उपकार मानत होती.

ओडेसानं बेड्या काढल्या.

मिस व्हर्लीन तुरुंगात गेली, पुढे कोर्टात उभी राहिली, पण जागेबद्दल तिनं ब्र काढला नाही. ठरल्याप्रमाणे त्याच सोमवारी डांबर पडलं.

त्या संध्याकाळी ओडेसा आईच्या खाटेजवळ बसली.

"एमेटला मारणारीला धरलं, आई. व्हर्लीननं मारलं त्याला."

"तिला कोण विचारतंय? आजी सापडली का?"

ओडेसानं सगळं सांगितलं. व्हर्लीन काय देऊ करत होती तेही लपवलं नाही. आईनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. सप्टेंबरात ती गेली. तोवर लेकीशी एक शब्द बोलली नाही.