जॅकेट उजळलं नाही

आमच्या मुलीचं, सोनलचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन हजार तेवीस. लग्न मे महिन्यात झालं आणि हे डिसेंबरात.

यातलं मी काही रचलेलं नाही. जन्मभर पोलादाच्या कारखान्यात भट्टीजवळ काम केलेला माणूस आहे मी. रचणं मला जमत नाही.

भिलाईत स्मृति नगरच्या बाजूला एक गेम झोन उघडलं होतं. रविवारची दुपार होती, बाहेर छान ऊन होतं. पण लेझर टॅगच्या, म्हणजे उजेडाच्या बंदुकांच्या खेळाच्या, हॉलमध्ये कायम रात्रच असते.

माझा मुलगा हर्षल बंगळूरहून आला होता. त्याच्या अद्वैतचा वाढदिवस होता. हा नातू वर्षातून एकदा भेटतो. त्याला मराठी समजतं, बोलतो हिंदी. त्याने हट्ट धरला की आजोबा माझ्याच टीममध्ये पाहिजेत.

मला कोणी आपल्या बाजूने घ्यावं, असं फार वर्षांत झालं नव्हतं.

सरला, माझी बायको, आली नाही. हुडको कॉलनीतल्या घरात आम्ही दोघंच राहायचो. तिचे गुडघे दुखत होते. मी निघताना पुन्हा विचारलं.

"तुमीच जा," ती म्हणाली. "बंदूक चालवाले चालले, अन् घरात झुरळ निघालं का मले हाका मारता."

मी हसत निघालो.

तिथे मोना नावाची बाई सगळ्यांना जॅकेट घालून देत होती. फोन लॉकरमध्ये ठेवायला लावले. मग पडद्यावर नाव लिहायचं होतं. पोरांनी वाघ, तुफान असलं काही लिहिलं. मी एकेक अक्षर शोधून 'श्यामराव' लिहिलं. अक्षरं मी पन्नाशीत शिकलो. नाव लिहायला मिळालं की पूर्ण लिहितो.

जॅकेटं नवीन होती, त्याच महिन्यात आलेली. मोनाने समजावून सांगितलं. नेम लागला की जॅकेट थरथरतं आणि त्याच्या छातीवरचा दिवा विझतो. बंदूकही बंद. मग आपल्या टीमच्या कोणीतरी येऊन खांद्यामागच्या पट्टीवर तळहात ठेवायचा, की ते पुन्हा उजळतं. जुन्या जॅकेटांना तिथे बटण होतं. पोरं भिंतीला खांदा घासून आपलं आपणच दाबून घ्यायची. म्हणून या पट्टीला माणसाच्या हाताची ऊब लागते. भिंत चालत नाही.

"आजोबा, हिट हो गए तो वहीं खड़े रहना," अद्वैत म्हणाला. "मैं आके हाथ लगाऊँगा."

आत काळ्या भिंती, निळा उजेड आणि मशीनचा धूर. पोरं पळाली. मला आत शिरताच नेम लागला.

जॅकेट विझलं.

मी सांगितल्याप्रमाणे उभा राहिलो. वर लाकडी पुलावर पोरांचे पाय वाजत होते. खाली कोणी येईना. हाक मारून नातवाचा खेळ मोडावासा वाटला नाही.

बराच वेळ झाला.

मग...

खांद्यावर हात पडला.

गरम. मोठ्या माणसाचा.

जॅकेट लगेच उजळलं. मी वळलो. कोणी नव्हतं. वाटलं, बाहेर थांबलेला हर्षल मजा करायला आत आला असेल. मी पळालो.

पुढच्या बोगद्याशी पुन्हा नेम लागला. पुन्हा अंधार. पुन्हा उभा.

आणि पुन्हा...

तोच हात. या वेळी कोमट. लगेच उचलला नाही. आपल्याकडे लक्ष वळवायला माणूस दाबतो, तसा थोडा दाबला. जॅकेट मिणमिणलं, मग उजळलं.

मी गर्रकन वळलो.

माणूस गेला की धूर हलतो. तिथला धूर हललाच नव्हता.

"कोण आहे?" मी विचारलं.

वरून अद्वैत ओरडला, "आजोबा, जल्दी आओ ना!"

मी गेलो.

तिसऱ्यांदा जॅकेट विझलं तेव्हा मी अगदी कोपऱ्यात होतो. गाणं वाजत होतं, पण पोरांचे पाय ऐकू येईनात. माझा श्वास मलाच ऐकू येत होता.

हात आला...

थंड. पहाटे लोखंडाला हात लागावा तसा. शर्टातून आत शिरणारा.

मी छातीकडे बघत राहिलो.

जॅकेट उजळलं नाही.

हात मात्र होता. त्याचं वजन होतं. अंगठा मानेच्या हाडापाशी टेकलेला. स्कूटरवर मागे बसून, रस्त्यात खड्डा आला की सरला खांदा असाच धरायची.

मी वळलो नाही. वळवेना.

एकदम मोठे दिवे लागले. गाणं बंद झालं. खांद्यावर काही नव्हतं. सगळी पोरं वर पुलावर होती. दारात हर्षल उभा होता, हातात फोन.

"बाबा, घरी चला," तो म्हणाला. "अन्नपूर्णाकाकूचा फोन आला होता."

अन्नपूर्णा आमची शेजारीण. ती कढीपत्ता मागायला गेली, तर दार उघडंच होतं. सरला दाराजवळच्या खुर्चीत बसलेली. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. फोन तिच्या मांडीवर होता. तिने कोणालाच लावलेला नव्हता.

पायात बाहेरच्या चपला होत्या.

जिला गेटपर्यंत चालवत नव्हतं, ती कुठे निघाली होती, मला माहीत नाही.

हर्षल नंतर मोनाला भेटला. ती म्हणाली, पडद्यावर बाबांचं जॅकेट दोनदा सुरू झालेलं दिसलं. तिला वाटलं, पोरांपैकी कोणी बरोबर असेल.

अद्वैत तेराव्यापर्यंत माझ्यासमोर येत नव्हता. मग एका दुपारी येऊन बसला आणि रडत म्हणाला, "मैं आया ही नहीं था, आजोबा. मैं भूल गया था."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

पहिल्या दोन्ही हातांत ऊब होती. म्हणजे तोवर ती होती. ती मला बोलावत असेल. आणि जॅकेट उजळलं की मला वाटायचं, खेळायचं आहे.

दोन्ही वेळा मी पळालो.

आता कोणी खांद्यावर हात ठेवला की मी वळत नाही. आधी छातीकडे बघतो.

माझी बायको सरला श्यामराव भोयर रविवारी, चोवीस डिसेंबर दोन हजार तेवीसला, दुपारी वारली. घरी कोणी नव्हतं.