पितळी पट्टीवरचं नाव

प्रेमिला इतवारीत आली होती आईसाठी पितळी डबा घ्यायला. पण भांड्यांच्या ओळीच्या टोकाला, जुन्या चाकू-सुऱ्यांच्या दुकानात बसलेला एक तरुण जुना अडकित्ता इतक्या मायेनं निरखत होता, की तिची पावलं थबकली. नेहमी पर्समध्ये असणारा घडीचा चाकू तिनं त्याच्यापुढे ठेवला.

“हा किती जुना हाये, सांगता येईन?”

१९७४ चा डिसेंबर होता. त्या तरुणानं, चंद्रभाननं, चाकू पाहिला, मग तिच्याकडे... आणि घाईघाईनं पुन्हा चाकूकडे.

“येईन. पण टाइम लागन. शनिवारी या.”

चाकू तिच्या वडिलांचा, मारोतरावांचा. ते बल्लारशाला लाकडाच्या डेपोत कामाला होते. प्रेमिलाचा जन्म भिवापूरला, आईच्या माहेरी झाला. बारशाचं पत्र नावासकट गेलं, वडील आले नाहीत. दोन महिन्यांत तापानं गेले, आणि त्यांच्या पिशवीतून हा चाकू तेवढा आला. मुलगी झाली म्हणून बाप फिरकला नाही, असं नातेवाईक चोवीस वर्षं म्हणत होते. आई, सुभद्राबाई, मुकाट ऐकून घ्यायची. शाळेत शिकवणाऱ्या प्रेमिलाला मात्र त्या माणसाबद्दल काहीतरी — काहीही — कळायला हवं होतं.

शनिवारी चंद्रभाननं तापवलेली सुई मुठीला टेकवली. केस जळल्यासारखा वास आला. सांबरशिंग खरं आहे, तो म्हणाला. बनावट मुठीला कापराचा वास येतो. पुढच्या शनिवारी त्यानं लिंबू कापून काळवंडलेलं पातं दाखवलं. साधं पोलाद, स्टेनलेसच्या आधीच्या चालीचं. त्या लिंबाचं सरबत झालं. तिसऱ्या शनिवारी भिंगातून पात्यावरचा कारखान्याचा ठसा बघताना दोघांची डोकी इतकी जवळ आली, की ठसा कुणालाच नीट दिसला नाही.

“हे सगळं एका दिवसात झालं असतं ना?” तिनं विचारलं.

“झालं असतं,” तो खाली बघत म्हणाला. “मंग तुमी परत काहून आल्या असत्या?”

ती उठून मात्र गेली नाही.

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. मुठीतली एक खीळ बाकीच्यांपेक्षा नवी होती. चाकू पूर्वी कुणीतरी उघडला होता. आत बघायचं तर शिंग तडकण्याची भीती. वडिलांची दुसरी एकही वस्तू तिच्यापाशी नव्हती. तिनं त्याच्या हातांकडे बघितलं.

“उघडा.”

खीळ निघाली. शिंग शाबूत राहिलं. आतल्या पितळी पट्टीवर कोरलं होतं: प्रेमिला. खाली तारीख, तिच्या बारशानंतर नवव्या दिवसाची.

“हे अक्षर माह्या बाबाचं हाये,” चंद्रभान हळूच म्हणाला. “तवा तेच बसत इथं.”

म्हणजे पत्र पोचलं होतं. डेपोचं लाकूड घेऊन वडील जवळच लकडगंजच्या वखारींत आले असतील, रजा मिळाली नसेल... पण तेवढ्यात इथवर येऊन त्यांनी लेकीचं नाव कोरून घेतलं होतं. प्रेमिलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चंद्रभाननं पाण्याचा पेला पुढे केला. तिनं पेल्यासकट त्याचा हात धरला.

“आईले दाखवाचं हाये. तुमी संगं चला.”

सुभद्राबाईंनी त्या अक्षरांवरून कितीदा तरी बोट फिरवलं. मग डोळे पुसून त्यांनी चंद्रभानकडे त्याच्या बाबांची विचारपूस केली. ते घरीच असतात, त्यानं सांगितलं.

“उद्या त्याईले घेऊन या,” त्या म्हणाल्या. “मले त्याईच्या पाया पडाचं हाये.” मग लेकीकडे, तिच्या लाल झालेल्या कानांकडे बघून जराशा हसल्या. “आन तुमा दोघाईचंबी बोलून घेऊ.”