राखी शाई

भर दुपारी आलापल्लीचा बाजार ओस पडला होता, तेव्हा धुळीने माखलेला एक उंच तरुण नवाबमियांच्या कागद-शाईच्या दुकानात शिरला. नवाबमिया नमाजाला गेले होते. दुकानात त्यांची मुलगी खैरुन एकटीच होती.

"पेनात भराले शाई पाहिजे," तो म्हणाला. "काळी... नाई तर राखी. कोणती घ्यावं, समजून नाई राह्यलं."

तो फारूक – जंगल खात्यात नकाशे काढायला चांद्याहून नवीनच आलेला. खैरुनने दोन्ही बाटल्या पुढे केल्या. त्याने एक रेघ काळी ओढली, एक राखी. दोघंही कागदावर वाकून पाहत राहिले.

"काळी उठून दिसते," ती म्हणाली.

"हद्दीले तेच पाहिजे. पण डोंगराची सावली काळीनं काढली, तर डोंगर जळल्यावानी दिसते." तो हळूच हसला. "राखी नरम हाय... तुमच्या बोलण्यावानी."

"माझं बोलणं कसं हाय, ते अब्बाले विचारा."

त्याने राखी नेली. पुढच्या बाजाराला पुन्हा हजर – काळीशी नीट ताडून पाहायची राहिली होती म्हणे! मग दर बाजाराला तेच. पाऊस सरला, धान कापणीला आलं, तरी त्या दोन शायांचा निकाल काही लागेना. तो आला की नवाबमियांना मागच्या खोलीत हटकून काम निघायचं.

थंडी पडली आणि फारूक बरेच दिवस दिसला नाही. आला तेव्हा त्याने कागद अगदी नाकाशी धरला.

"दोन रेघा ओढल्या ना मी, खैरुनबी? मले एकच दिसून राह्यली."

तिला वाटलं, थट्टाच करतोय. तिने राखी शाईने टपोऱ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं आणि कागद त्याच्या हाती दिला. "वाचा."

तो कितीतरी वेळ पाहत राहिला. "कोरा हाय," म्हणाला.

चांद्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. नजर जाणार, इलाज नाही. नोकरी तर गेलीच होती. आता तो सिरोंच्याला भावाकडे निघाला होता.

"मी येईन तुमच्यासंगं," खैरुन म्हणाली. "अब्बा नाई म्हणणार नाईत."

"मी म्हणतो ना नाई." तो म्हणाला. "भावाच्या घरी मलेच कोणी हात धरून नेईन, तिथी तुमाले कुठी ठेवू? उद्या मोटरीपाशी येऊ नका. तुमचा आवाज ऐकला तर मी चढणार नाई... आन मंग जिंदगीभर सोताले माफ करणार नाई. वचन द्या, आल्या तरी बोलणार नाई म्हणून."

तिने दिलं.

सकाळी सिरोंच्याची मोटर उभी होती. फारूक ट्रंक घेऊन दार चाचपत होता. खैरुन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याची नजर तिच्यावरून तशीच पुढे गेली.

"हे सिरोंच्याचीच मोटर ना, बाई?" बांगड्यांच्या आवाजावरून अंदाज घेत त्याने विचारलं.

तिने ओठ घट्ट मिटले. त्याचा हात धरून दाराच्या दांडीवर ठेवला, ट्रंक आत सरकवली.

"अल्ला तुमचं भलं करो, बाई," तो म्हणाला आणि वर चढला.