भाग न जाणारी संख्या

दाराबाहेर ठेवलेली जेवणाची पिशवी सुनेत्रानं आत घेतली, तेव्हा सिडनीत दुपारचं स्वच्छ ऊन पडलं होतं. हॉटेलची खिडकी मात्र उघडत नव्हती. खोलीत सॅनिटायझरचा आणि गार पास्त्याचा वास कोंडला होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वडील गेले. त्यांचं सगळं आटोपून ती पुण्याहून परतली होती आणि क्वारंटाइन संपायची वाट बघत होती. नवरा निनाद सिडनीच्याच टूनगॅबी उपनगरातल्या घरी, इतका जवळ. पण भेट फोनवरच.

पलंगामागच्या भिंतीवर टकटक झाली. सात वेळा. मग शांतता.

शेजारी कुणी कंटाळलेला माणूस असेल, असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्याच वेळी तीन टकटक आल्या, मग नऊ, पुन्हा तीन... रोज एकच आकडा. तिनं ते शेजारी शेजारी मांडले, आणि अंगावर सरसरून काटा आला. सात मूळ संख्या. त्र्याहत्तर मूळ. सातशे एकोणचाळीसही मूळ. कशानंच भाग जाईना.

तिचे वडील, चारुदत्त, गणिताचे मास्तर. लहानपणी ते तिला एक लाडकी संख्या सांगायचे: ७३९३९१३३. शेवटून एकेक आकडा काढत जा, उरते ती मूळच. पुढे मात्र कुठलाही आकडा जोडा, भाग जातोच.

तपासणीला आलेल्या नर्सला तिनं विचारलं. पलीकडच्या खोलीत पाणी गळतं, ती कधीपासून बंद आहे, असं नर्स म्हणाली.

तरी सुनेत्राला भीती वाटली नाही. आयसीयूच्या काचेपलीकडून वडिलांना एक शब्दही बोलता आला नव्हता. आता ती दुपारची वाट बघू लागली. शेवटच्या तीन टकटक झाल्या, तेव्हा भिंतीला कपाळ टेकून ती पोटभर रडली.

"बाबा, झाली पूर्ण. आता विसावा घ्या."

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं हे सगळं निनादला फोनवर सांगितलं. आज आवाज येणार नाही, म्हणाली.

"आणि आला तर?"

"तर ते बाबा नव्हेत... ही संख्या ते कधी मोडणार नाहीत."

टक्.

एकच. तिच्या हातातला घास तसाच राहिला. पुढे एक लावला, की त्या संख्येला तीननं भाग जातो.

"निनाद, ऐकलंस?"

निनाद हळूच म्हणाला, "ऐकलं. पण तुझ्याकडून नाही आला... आपल्या बेडरूमच्या भिंतीतून आला."

तेवढ्यात फोनवर आईचं नाव झळकलं. पुण्याच्या घरात ती आता एकटीच होती. सुनेत्रानं फोन घेतला. आई अगदी दबक्या आवाजात बोलत होती.

"सुनू... बाबांच्या खोलीचं दार आतून कुणीतरी वाजवलं गं... उघडू का?"