जांभळं मीठ

वोलसिम या घरात सून म्हणून आली तेव्हापासून तिची नखं कधी स्वच्छ राहिली नव्हती. बांबूच्या पेरात समुद्राचं मीठ ठासायचं, पिवळ्या चिकणमातीने तोंड बंद करायचं, पेरं लोखंडी भट्टीत उभी रचायची आणि खाली पाइनची लाकडं लावायची. बांबू जळून जातो, मिठाचा खांब उरतो. तो कुटायचा, नव्या पेरात भरायचा, पुन्हा भाजायचा. असं आठ वेळा. नवव्या भट्टीत पाइनची राळ टाकली की आच अशी भडकते की मीठ मधासारखं वाहायला लागतं, आणि निवलं की त्याचा दगड होतो. डोंगराच्या पायथ्याला बांबूची बनं असल्यामुळे गावातली आणखीही काही घरं हाच धंदा करत. पण लांबून येणारं गिऱ्हाईक याच अंगणात येई. सासूच्या हातासाठी.

पेरं भरताना सासू फारशी बोलत नसे. बोललीच तर तेच ते.

"मीठ म्हणजे पाणी. त्यात भीती राहते. बांबूत राग, विस्तवात आनंद, मातीत काळजी, लोखंडात दुःख. पाचही एकमेकांना धरून बसले तर मीठ जांभळं उतरतं, नाहीतर राखाडी. भरताना मनात असेल ते आत जातं. म्हणून तोंड मिटून भरायचं. कुणाचं नाव घ्यायचं नाही."

वोलसिम मान डोलवायची आणि मनात म्हणायची, रंग लोखंडाचा नि आचेचा, दुसरं काय! तिचं मीठ राखाडी उतरायचं. टणक, स्वच्छ, एकसारखं. सासू त्याची कपची जिभेवर ठेवून म्हणायची, "चांगलंय." इतक्या वर्षांत त्या एका शब्दाला दुसरा शब्द कधी जोडला गेला नाही. नवरा ट्रक घेऊन महिनोन्‌महिने बाहेर. घरात तिला हाक मारणारं माणूस एकच, आणि तेही भट्टीच्या कामापुरतं.

मग धाकट्या दिराने, गिहोने, बेटावरच्या मिठागरातली मुलगी करून आणली. तिचं नाव गुमओक. काळीसावळी, हसरी, बोलण्यात बेटावरचा लांबट हेल, प्रत्येक वाक्य शेवटाला ताणून सोडायचं.

भट्टीत दोघींच्या पेरांना वेगळे कप्पे आणि खाली वितळलेलं मीठ झेलायला दोन घमेली. त्या शरदात घमेली बाहेर काढली तेव्हा गुमओकच्या घमेल्यात जांभळं मीठ होतं. पिकल्या द्राक्षाच्या सालीसारखं, आतून उजेड आल्यासारखं.

सासूने कपची तोडून जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मग उरलेला तुकडा आपल्या हाताने गुमओकच्या तोंडात भरवला.

वोलसिम बघतच राहिली.

"मला काय येतंय हो, जाऊबाई," गुमओक तिला म्हणाली. "तुमचं बघून बघूनच भरलं मी."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या भट्टीला वोलसिमने कप्पे बदलून घेतले. उजवीकडे आच जास्त लागते, असं तिचं म्हणणं. गुमओकने आनंदाने जागा दिली. जांभळा रंगही तिच्याबरोबर डावीकडे गेला. त्यानंतर वोलसिमने मीठ बदललं, माती बदलली, एकदा गुपचूप पेरांचीसुद्धा अदलाबदल केली. फरक पडला नाही. गुमओकने हाताने ठासलेलं तेच जांभळं उतरायचं. संध्याकाळी सासू तिच्या केसांना तेल लावी. गिहो तिच्या ताटातला मासा सोलून देई. वोलसिम भांडी घासत ते बघायची, आणि घासून झालेलं भांडं पुन्हा घासायला घ्यायची.

एकदा तिने विचारलं, "आई, राग बांबूत, दुःख लोखंडात. जळफळाट कशात राहतो?"

सासूने हातातली माती खाली ठेवली. "त्याला घर नाही. म्हणून तो दुसऱ्याच्या घरात शिरतो." आणि तिच्याकडे न बघता, "तू आज भरू नकोस."

पण तिने भरलं. सासू जेवायला आत गेली होती. वोलसिमने पेर मांडीत धरलं, तोंड त्याच्या तोंडाशी नेलं आणि हळूच म्हणाली, "गुमओक." वर मीठ टाकलं, अंगठ्याने दाबलं. पुन्हा म्हणाली, पुन्हा दाबलं. पेर गळ्यापर्यंत भरेस्तोवर.

त्या खेपेला तिच्या घमेल्यात असा जांभळा दगड निघाला की शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या. गुमओकच्या घमेल्यात राखाडी. गुमओकनेच टाळ्या वाजवल्या.

सासूने कपची जिभेला लावली आणि लगेच हातात काढून घेतली.

"यात कोण आहे?"

"कोण असणार, आई? मीठ आहे."

तो दगड सासूने विकला नाही. फडक्यात बांधून आपल्या पेटीत ठेवला. वोलसिमला काही भरवलं नाही.

थंडीच्या तोंडावर गुमओकने किमचीच्या लोणच्यासाठी कोबीला मीठ लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही कोबी तसाच ताठ, नुकताच खुडल्यासारखा. तिने केलेलं सूप अळणी लागू लागलं. मूठभर मीठ पडताना सगळ्यांनी पाहिलेलं असे, तरी अळणी. गोठ्यातला बैल रोज तिचा घामेजला हात चाटायचा. तो हुंगून तोंड फिरवायला लागला. मग पायात गोळे येऊ लागले. शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं. रक्तात मीठच राहत नाही, म्हणाले. सलाइन लावलं, पुन्हा तपासलं, आणि हातातला कागद उलटसुलट करत बसले.

"मला होतंय तरी काय, जाऊबाई?" घरी आल्यावर गुमओक रडायला लागली. वोलसिमने बोटाने तिचा गाल पुसला. ती पाठमोरी होताच बोट जिभेला लावलं.

विहिरीचं पाणी.

वोलसिमला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण भीतीच्या खाली काहीतरी उबदार होतं, आणि ती ऊब तिला सोडवेना.

समुद्राची हवा मानवेल म्हणून गिहो बायकोला घेऊन बेटावर, सासऱ्याकडे गेला. मे महिन्यात वाण्याच्या दुकानात त्याचा फोन आला, गुमओक उतरते त्या वाफ्यात मीठच धरत नाही म्हणून. तो ऐकून सासू घरी आली, पेटीतलं गाठोडं काढलं आणि वोलसिमच्या मांडीवर ठेवलं.

"जा. ती ज्या पाण्यात उभी असेल त्यात हे सोड. तूच भरलंस, तूच सोडायचं."

"आई, मी..."

"बोलू नकोस. जा."

बोटीतून उतरून वोलसिम मिठागराच्या बांधावर आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. चहूकडे वाफ्यांमध्ये मीठ धरलं होतं. डोळे दिपत होते. मधला एकच वाफा पाण्याचा, तळ दिसेल इतका नितळ. गुमओक त्यात घोटाभर पाण्यात उभी राहून लाकडी फावडं ओढत होती. ओढण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

गिहो बांधावर तिच्यासाठी छत्री धरून उभा होता. गुमओकचा म्हातारा बाप ताज्या शिंपल्यांचं सूप घेऊन आला होता. "एक घोट घे गं, माझी राणी. एकच." ती हसली. त्या दोघांचे चेहरे तिच्या हसण्याबरोबर उजळले.

वोलसिमने गाठोड्याची गाठ सोडली. दगड हातात घेतला. वाफ्याच्या काठाशी बसली. हात पाण्यावर नेला.

तिच्यात काही उरलं नाही, आणि तरी हे लाड!

कुणीही अजून मान वळवून वोलसिमकडे पाहिलं नव्हतं. आलात का, वहिनी, एवढंसुद्धा नाही.

तिने हात मागे घेतला. दगड बांधावरच्या धोंड्यावर आपटला. सगळ्यात जांभळा तुकडा उचलून तोंडात टाकला.

तो विरघळायला वेळ लागला नाही. आधी खारट. मग अंड्याच्या बलकासारखी चव. मग गोड, कुणी भरवावं तसं गोड.

वाफ्यात फावडं थांबलं.

गिहो छत्री घेऊन वळला. पाण्याच्या काठाने चालत वोलसिमपाशी आला आणि छत्री तिच्या डोक्यावर धरली. "उन्हात किती वेळ बसशील?" तो खाली वाकला, तिच्या पायांवरचा चिखल बाहीने पुसू लागला.

ती पाय मागे घ्यायला गेली. घेतले नाहीत.

"गुमओक," म्हाताऱ्याने हाक मारली, "सूप निवतंय."

"आले, आप्पा," वाफ्यातली बाई म्हणाली. फावडं टाकून ती बांधाकडे यायला लागली.

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, ऊन लागू नये म्हणून कपाळावर हात धरून, नीट निरखून पाहिलं. मग तो वोलसिमकडे वळला आणि वाटी तिच्या हातात दिली.

"कोण गं ती?" त्याने हळूच विचारलं. "आपल्या वाफ्यात कुणाची बाई उतरलीय?"

वोलसिमने वाटी ओठाला लावली.

"कुणास ठाऊक, आप्पा," ती म्हणाली, आणि शेवटचा शब्द बेटावरच्या लोकांसारखा लांब ताणला गेला.